आठ महिने स्प्लिंट आणि घरचा व्यायाम: लेकीच्या ताठ पायांची गोष्ट

लेक साडेचार वर्षांची. 30व्या आठवड्यात जन्मली, निदान स्पास्टिक डायप्लेजिया. सेरेब्रल पाल्सी म्हणजे लहानपणीच मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालीत येणारी अडचण. तिच्या या प्रकारात हातांपेक्षा पाय जास्त ताठ. भिंत धरून चालायची, पण चवड्यांवर. टाच कधी टेकायचीच नाही. जूनमध्ये दोन्ही पायांना एएफओ (गुडघ्याखालपासून पावलापर्यंतचे प्लास्टिकचे स्प्लिंट) आले, सोबत रोजचं स्ट्रेचिंग. आता फेब्रुवारी.

आधी माझी चूक. पहिले दोन महिने मी पंजा धरून जोरात वर दाबायचे. ती रडायची आणि मला वाटायचं, चला, ताण बसतोय. फिजिओताईंनी एकदा बघितलं आणि माझा हातच धरला. झटका दिला की हा स्नायू उलट आणखी आवळतो. शिवाय नुसता पंजा दाबला तर पाऊल मधूनच वाकतं, पोटरीला ताण पोचतच नाही. आता टाच तळहातात घेते, तळवा माझ्या मनगटावर टेकवते, तिचा गुडघा सरळ ठेवून सावकाश वर नेते आणि 30 आकडे मोजते. मग तेच गुडघा वाकवून, कारण पोटरीत आतला स्नायू वेगळा. आकडे तीच मोजते, 19 नेहमी गाळते.

खरं सांगायचं तर फरक या दहा मिनिटांपेक्षा बाकीच्या तासांनी पडला. दिवसाला सहा तास स्प्लिंट, त्यातला एक तास ओट्याशेजारी स्टँडिंग फ्रेममध्ये. उभ्यानं मटार सोलते, निम्मे खाते. सासूबाईंची तेलमालिशही चालू आहे. त्यानं पोरगी सैलावते, झोप छान लागते. टाच मात्र त्यानं टेकली नाही. स्प्लिंट घालून आता पाऊल सपाट पडतं. काढल्यावरही उभी राहताना उजवी टाच टेकते, डावी अजून नाही.

त्रास? ऑक्टोबरात घामानं जीव नकोसा. लांब सुती मोजे दोनदा बदलायचे. बूट एक नंबर मोठा लागतो. वेल्क्रोत धागे अडकतात, जुन्या टूथब्रशनं काढते. डाव्या घोट्याच्या हाडावर लाल वण उठला, अर्ध्या तासात गेला नाही. बनवणारे म्हणाले, "सवय होईल." सवय कसली, फोड आला! दुसरीकडे प्लास्टिक गरम करून तेवढी जागा फुगवून घेतली. दहा मिनिटांचं काम.

जोडी साडेआठ हजारांना पडली. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय विम्यात वर्षाला 1 लाखापर्यंत संरक्षण मिळतं, थेरपीचा खर्चही त्यात बसतो. आम्हाला हे फार उशिरा कळलं.

मेंदूची इजा वाढत नाही, पण हाड वाढतं आणि ताठ स्नायू मागे राहतो. दिवाळीनंतर तिची उंची वाढली तशी डावी टाच स्प्लिंटमध्येही उचलायला लागली. डॉक्टरांनी बोटॉक्सचा (ताठ स्नायू सैल करणाऱ्या इंजेक्शनचा) विषय काढलाय. असर तीन-चार महिनेच, आणि त्या काळात व्यायाम जास्तच करायचा असतो. आमचं अजून ठरत नाही. नव्या जोडीचं माप शनिवारी. रंग तिनं ठरवलाय, पिवळा.