बूट-रिपेअर: ग्रब गेला तर झकास, कर्नल अडकला तर जरा थांबा

उबुंटू किंवा मिंट (दोन्ही लिनक्सच) वापरणाऱ्याच्या पेनड्राईव्हवर बूट-रिपेअर, म्हणजे पीसी सुरू होण्यातला बिघाड दुरुस्त करणारं टूल, असावंच. फुकट आहे, लाईव्ह सेशनमध्ये (पेनड्राईव्हवरूनच चालवलेल्या उबुंटूत) पीपीए, म्हणजे सॉफ्टवेअरचा जादा साठा, जोडून दोन मिनिटांत चढतं. उद्यमनगरात काय नि मार्केट यार्डात काय, पीसी उठला नाही की पहिला सल्ला ‘फॉरमॅट मारूया’ हाच. त्यापेक्षा हे टूल कितीतरी बरं.

ग्रब म्हणजे पीसी सुरू होताना सिस्टीम निवडून चालू करणारा प्रोग्राम. विंडोज टाकल्यावर उबुंटू गायब झालं किंवा ‘ग्रब रेस्क्यू’ येऊन थांबलं, तर ‘रेकमेंडेड रिपेअर’ बिनधास्त दाबा. फक्त मूळ सिस्टीम यूईएफआयवर (पीसी सुरू करण्याची नवी पद्धत) असेल तर पेनड्राईव्हही यूईएफआय मोडमध्येच बूट करा. लेगसीत (जुन्या बायोस पद्धतीनं) केला तर दुरुस्ती भलत्याच जागी होते.

कर्नल (सिस्टीमचा गाभा) अपग्रेड केल्यानंतरचं दुखणं मात्र वेगळं. ‘कर्नल पॅनिक’ आणि त्यापुढे ‘अनेबल टू माउंट रूट एफएस’ दिसलं, तर ग्रबनं आपलं काम केलेलं असतं. बहुतेक वेळा नव्या कर्नलची इनिटआरडी फाईलच (सुरुवातीला डिस्क जोडायला कर्नलला लागणारी) तयार झालेली नसते. एनक्रिप्शन घेऊन इन्स्टॉल केलं की बूटचं पार्टिशन वेगळं आणि लहान असतं. जुने कर्नल साठून ते भरतं, कर्नल फाईल मावते, इनिटआरडीला जागा उरत नाही. अपग्रेड चालू असताना लाईट गेली तरी हाच घोळ. अशा वेळी ग्रब पुन्हा बसवून काय उपयोग?

इथं पेनड्राईव्हही लागत नाही. सुरू होताना यूईएफआयवर एस्केप एकदाच दाबा (जुन्या बायोसवर शिफ्ट धरून ठेवा). सारखं एस्केप बडवलं तर ग्रबचा काळा प्रॉम्प्ट येतो. तिथं ‘नॉर्मल’ टाईप करायचं. मेन्यूत ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून आधीचा कर्नल निवडा. आत गेल्यावर टर्मिनलमध्ये ‘डीएफ -एच’ या कमांडनं बूटची जागा बघा, चालू कर्नल सोडून एखादा जुना ॲप्टनं (सॉफ्टवेअर टाकणारी-काढणारी कमांड) काढा. हातानं फाईली उडवू नका, पॅकेजचा हिशेब बिघडतो. मग ‘डीपीकेजी’ला ‘--कॉन्फिगर -ए’ देऊन अर्धवट काम पुरं करा. तरीही इनिटआरडी दिसली नाही तर ‘अपडेट-इनिटरॅमएफएस’ला ‘-सी -के’ आणि नव्या कर्नलची आवृत्ती द्या. फाईलच नाही म्हणून ‘-यू’ नको, ‘-सी’. शेवटी ‘अपडेट-ग्रब’. तो विसरलात तर मेन्यूतली जुनी नोंद इनिटआरडीशिवायच राहते आणि पुन्हा पॅनिक.

पॅनिक नाही, नुसता काळा स्क्रीन असेल तर बहुधा एनव्हिडियाचं मॉड्यूल (ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर) नव्या कर्नलसाठी बांधलं गेलेलं नसतं, किंवा सिक्युअर बूट (खात्रीची सही नसलेलं सॉफ्टवेअर अडवणारी सोय) त्याला आत घेत नसतं. यातही बूट-रिपेअरच्या ‘रेकमेंडेड रिपेअर’चा काही उपयोग नाही.

टूलचा रिपोर्ट मात्र उत्तम: पार्टिशन, ग्रबची जागा, बूट नोंदी, सगळं एका फाईलीत. तो इंटरनेटवर चढवायचा का हे विचारतं; कामाच्या मशीनवर ‘नको’ म्हणा. ग्रबसाठी पाचपैकी साडेचार, कर्नलसाठी दोन.