नऊ महिने, एक अख्खा पावसाळा, ११ हजार किलोमीटर: वॉटरप्रूफ ॲडव्हेंचर बुटांचा वापरानंतरचा अनुभव

आधी बूट कोणते ते. पोटरीच्या मध्यापर्यंत येणारे, तीन बकलांचे, जाड लेदरचे. आत वॉटरप्रूफ मेम्ब्रेन (पाणी अडवणारा पातळ थर), घोट्याच्या दोन्ही बाजूंना कडक कप, नडगीवर प्लास्टिकची पाटी. साइज ४३, जोडीचं वजन २.६ किलो. जून ते फेब्रुवारी दोन बाइकवर वापर झाला. एक १९६ किलोची हिमालयन ४५० आणि दुसरी सुमारे १६० किलोची एक्सपल्स. निम्मे किलोमीटर डांबरावर, बाकी ताम्हिणी, वरंध, आंबोलीकडचे आडरस्ते, कोकणातला जांभ्याचा लाल चिखल आणि देशावरची काळी माती. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण खाली लिहिलेल्या बऱ्याच गोष्टी या वर्गातल्या जवळपास सगळ्याच बुटांना लागू आहेत.

निष्कर्ष आधीच सांगतो. हे बूट घेताना खोक्यावरचा 'वॉटरप्रूफ' हा शब्द सगळ्यात जास्त वजनदार वाटला होता आणि नेमकी तीच गोष्ट सगळ्यात आधी दगा देऊन गेली. घोटा, टाच आणि सोलचा कडकपणा मात्र नऊ महिन्यांनंतरही जिथल्या तिथे आहे. पुन्हा घ्यायची वेळ आली तर क्रम उलटा: आधी कडकपणा, मग माप, मग बकल, आणि पाणी सगळ्यात शेवटी.

कडकपणा आधी का? ऑफरोडवर पाय मोडतात ते बहुतेक वेगामुळे नाही. चढावर यू-टर्न घेताना बाइक कलते, आपण पाय टाकतो, पाय खड्ड्यात जातो आणि दोनशे किलोचं धूड घोट्यावर बसतं. बॅगांची फ्रेम लावलेली असेल तर फ्रेमचा पाइप आणि जमीन यांच्यात पाय अडकित्त्यातल्या सुपारीसारखा सापडतो. दुसरा प्रकार पिळण्याचा: बाइक पुढे जातेय, पाय मात्र चिखलात रुतलाय. या दोन्हींत जाड लेदरचा एकट्याचा उपयोग शून्य. सोलच्या आत आडवा न दबणारा सांगाडा लागतो आणि घोट्याभोवती पिळाला विरोध करणारी रचना.

हे तपासायला लेबल वाचायचं. युरोपचं मानक ईएन १३६३४. बुटाच्या जिभेच्या आत किंवा वरच्या कडेला मोटरसायकलस्वाराचं चित्र असतं आणि त्याखाली चार आकडे, प्रत्येक १ किंवा २. पहिला आकडा बुटाच्या उंचीचा, दुसरा घासण्याला टिकण्याचा, तिसरा कापलं जाण्याला टिकण्याचा, आणि चौथा सोल आडवा दाबला तर किती टिकतो त्याचा. ॲडव्हेंचरसाठी चौथा २ नसेल तर बूट खाली ठेवा. पुढे 'आयपीए' असेल तर घोट्याच्या आघातसंरक्षणाची चाचणी झालेली, 'आयपीएस' म्हणजे नडगीची, 'डब्ल्यूआर' म्हणजे पाण्याची. बाजारात एक गंमत चालते. 'सीई प्रमाणित' (सीई म्हणजे युरोपचं प्रमाणचिन्ह) असं ठळक छापलेलं असतं आणि लेबल बघितलं तर ते प्रमाणपत्र आत शिवलेल्या घोट्याच्या पॅडचं निघतं, मानक ईएन १६२१. पॅड पास, बूट परीक्षेलाच बसलेला नाही. चित्र आणि चार आकडे नसतील तर तो बुटासारखा दिसणारा जोडा समजायचा.

लेबलवर भागत नसेल तर दुकानात हाताने बघता येतं. एका हातात टाच, दुसऱ्यात चवडा धरून ओला टॉवेल पिळतात तसा बूट पिळा. सहज पिळला जातोय तर तो ट्रेकिंगचा बूट आहे, बकलं लावलेला. मग चवड्याच्या सगळ्यात रुंद जागी दोन्ही बाजूंनी सोल आवळा, तो आत यायला नको. शेवटी घोट्याच्या कपवर अंगठा रोवून दाबा. स्पंजासारखं लागलं तर आत नुसता फोम आहे.

मापाचा घोळ मोठा आहे. आपल्याकडे यूके साइज बोलतात, बुटावर युरोपची असते, आणि यूके ८ कुणाच्या तक्त्यात ४२ तर कुणाच्या ४२.५. म्हणून पाय सेंटिमीटरमध्येच मोजा, तेही संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय सुजतो. भिंतीला टाच टेकवून कागदावर उभं राहायचं आणि सगळ्यात लांब बोटाची खूण करायची. युरोपियन साइजचा ढोबळ हिशेब असा: पायाच्या लांबीत दीड सेंटिमीटर मिळवा आणि दीडने गुणा. २६.५ सेंटिमीटरचा पाय म्हणजे ४२. रायडिंगचे गुडघ्यापर्यंतचे मोजे जाड असतात, म्हणून दोन साइजच्या मध्ये असाल तर वरची घ्या. इटालियन बनावटीचे साचे आपल्या रुंद चवड्याला बऱ्याचदा आवळतात. करंगळीच्या बाजूला दहा मिनिटांत दुखायला लागलं तर 'वापरून सैल होतील' हे दुकानदाराचं म्हणणं ऐकू नका. लेदर सैल होतं, आतला प्लास्टिकचा सांगाडा होत नाही. चालताना टाच जरा उचलली गेली तर चालेल. पंज्याची बोटं पुढे टेकत असतील तर मात्र घाटात उतरताना नखं काळीनिळी होतात.

पोटरीचा घेरही बघा, आणि तो नी-गार्ड घालूनच. गार्डची खालची टोकं बुटात जातात आणि वरचं बकल शेवटच्या दाताला अडकतं, किंवा अडकतच नाही.

पहिले ३०० किलोमीटर गिअर बदलणं हा वैताग होता. बुटाचा चवडा साध्या बुटापेक्षा चांगला सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर जाड, लिव्हरखाली शिरतच नाही. उपाय पाच मिनिटांचा. लिव्हर दात्यांच्या शाफ्टवर थेट बसलेला असेल तर १० नंबरच्या पान्याने बोल्ट पूर्ण काढा. अनेक बाइकवर तो बोल्ट शाफ्टच्या खाचेतून जातो, त्यामुळे नुसता सैल करून लिव्हर निघत नाही आणि लोक हातोडी मारत बसतात. लिव्हर एक दाता वर सरकवून परत लावा. मध्ये रॉड असेल तर दोन्ही टोकांचे लॉकनट सैल करून रॉड फिरवा. एका टोकाचे आटे उलटे असतात, हे लक्षात ठेवा. एक दाता पुरतो, दोन केले तर उभं राहून चालवताना बूट लिव्हरवरून घसरतो.

उजव्या पायाकडे कुणी लक्ष देत नाही आणि खरा धोका तिथे आहे. जाड सोलमधून पेडलचा अंदाज येत नाही, बूट नकळत ब्रेकवर टेकून राहतो. मागचा दिवा सतत पेटलेला, डिस्क तापलेली, आणि घाट उतरताना पेडल स्पंजासारखं. पेडल थोडं खाली घ्या, पण त्यानंतर मास्टर सिलिंडरच्या (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल ढकलणारा भाग) रॉडला किंचित मोकळीक राहिली आहे ना ते हाताने तपासा. ती राहिली नाही तर तापल्यावर ब्रेक आपोआप धरायला लागतो. मग ब्रेकलाइटचा स्विच जुळवा. रात्री भिंतीकडे पाठ करून बाइक उभी केली की लाल उजेड कधी पडतो ते नीट दिसतं.

आता पाणी. जून-जुलैत ताम्हिणीच्या सलग चार तासांच्या पावसात आतला मोजा कोरडा. अट एकच, रेनपँट बुटाच्या बाहेरून हवी. पँट आत खोचली की पाणी तिच्यावरून ओघळत सरळ आत उतरतं, आणि मग दोष बुटाला. दुसरी मर्यादा जिभेची. जीभ दोन्ही कडांना जिथपर्यंत शिवलेली असते तिथपर्यंतच बूट वॉटरप्रूफ. या बुटात ती उंची जमिनीपासून २४ सेंटिमीटर, बूट मात्र ३३ सेंटिमीटरचा. ओढा २४ च्या वर गेला की खेळ खलास. आणि एकदा पाणी आत गेलं की तेच मेम्ब्रेन ते बाहेर जाऊ देत नाही, बुटाची बादली होते. किनाऱ्याला आल्यावर बूट काढायचे, इनसोल (आतले सुटे तळवे) उपसायचे, मोजे पिळायचे. साधा मेम्ब्रेन नसलेला बूट याबाबतीत शहाणा: भिजतो लगेच, पण निथळतोही लगेच.

सप्टेंबरात डाव्या बुटाच्या चवड्याच्या घडीत ओल यायला लागली, बरोबर गिअर लिव्हर घासतो तिथे. कारण समजायला सोपं आहे. मेम्ब्रेन म्हणजे अस्तराला चिकटलेला पातळ पापुद्रा. चवडा हजारो वेळा त्याच रेषेवर दुमडतो, आत गेलेली वाळू पॉलिश पेपरसारखी घासते, त्यात पायाची वाढलेली नखं. गळती कुठे आहे ते शोधायला बुटात टिश्यू पेपर भरून घोट्याइतक्या पाण्याच्या बादलीत पंधरा मिनिटं ठेवा, भिजलेला कागद जागा दाखवतो. दुरुस्ती मात्र होत नाही. बाहेरून मेण चोळून महिनाभर ढकलता येतं. तेव्हापासून मोठ्या पावसात वॉटरप्रूफ मोजे, आणि खरं सांगायचं तर तीच पद्धत पहिल्यापासून जास्त शहाणपणाची होती.

वाळवणं ही कोकणातल्या जुलैत स्वतंत्र कला आहे. इनसोल बाहेर, आत चुरगाळलेलं वर्तमानपत्र, दर दोन-तीन तासांनी बदलायचं, वरून पंखा. तरी पूर्ण कोरडे व्हायला दोन दिवस. गीझरजवळ, हीटरसमोर किंवा गरम सायलेन्सरला टेकवून ठेवले की सोलचा गोंद सुटतो आणि लेदर पापडासारखं होतं. लेदरवर पांढरी बुरशी धरली तर व्हिनेगरमध्ये तितकंच पाणी घालून त्या फडक्याने पुसा, सावलीत वाळवा, मग लेदर कंडिशनर लावा. खोबरेल तेल नको. लेदर लुळं पडतं आणि धूळ धरून ठेवतं.

बकलांची तक्रार काळ्या मातीची. जांभ्याचा चिखल पाण्याने निघून जातो, काळी माती बकलाच्या दात्यांत सिमेंटसारखी बसते, आणि बूट एकेक किलोने जड होतो तो वेगळाच. खालचं बकल, पावलाच्या वरचं, पहिल्यांदा अडतं. जुना टूथब्रश आणि पाणी, एवढंच. तेल घालू नका, पुढच्या वेळी दुप्पट माती धरेल. सुकल्यावर सिलिकॉन स्प्रेचा एक फवारा पुरे. पाचव्या महिन्यात एका बकलाचा स्क्रू हलायला लागला. निळा थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) एक थेंब लावून आवळल्यापासून जागेवर आहे. एका पट्ट्याचे दाते झिजले, आणि सुटा पट्टा मिळायला विक्रेत्याने दीड महिना लावला. तोवर केबल टाय. म्हणून बूट घेतानाच विचारा: पट्टे सुटे मिळतात का आणि आत्ता दुकानात आहेत का? दुसऱ्या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी शांतता पसरते.

करकर आवाज पहिल्या महिन्यात फार. प्लास्टिकची पाटी लेदरवर घासते तिथे टाल्कम पावडर टाकली की थांबतो.

सोलवर फूटपेगचे, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्याचे, दात उमटलेत, कमानीच्या जागी साधारण दोन मिलिमीटर रबर गेलंय. हायवेवर पेगचं काढून ठेवलेलं रबर परत बसवलं तर हे निम्म्यावर येतं. नोव्हेंबरात उजव्या बुटाचा सोल पुढून चार सेंटिमीटर उघडला. दोन्ही बाजू पॉलिश पेपरने खरवडायच्या, पुसून पूर्ण कोरड्या करायच्या, दोन्हींना फेविबॉन्डसारखा गोंद पातळ लावायचा, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, हाताला चिकटेनासा झाला की दाबायचं आणि रात्रभर वजनाखाली ठेवायचं. घाईत ओला गोंदच दाबला की आठवड्यात पुन्हा आ वासतो.

चालायला? पार्किंगपासून टपरीपर्यंत मजेत. गडाच्या पायऱ्या चढायच्या तर वरचं बकल सैल सोडा, नाहीतर नडगी सोलवटते. उतरताना परत आवळा. शेवाळलेल्या दगडावर खोल नक्षीच्या सोलचा काही उपयोग होत नाही, चप्पल घातलेला गाववाला शेजारून आरामात निघून जातो. ऑक्टोबर हीटमध्ये सोलापूरकडे पाय अक्षरशः शिजतात. सुती मोजे घाम धरून फोड आणतात, मेरिनो लोकरीचे किंवा सिंथेटिक घ्या.

पैसे वाचवायचे पर्याय नेहमी विचारले जातात. गमबूट पावसात उत्तम, पण बाइक पडली तर आत पाय आहे की केळं, काही फरक नाही. कारखान्याचे सेफ्टी शूज, आयएस १५२९८ वाले, बोटांवर २०० जूलचा आघात झेलतात. घोट्याचं काय ते मात्र त्यांच्या खिजगणतीत नाही, आणि बोटांवरच्या कडक टोपीमुळे गिअरखाली पाय आणखी अडतो. लेसचे आर्मी बूट घेतलेच तर लेसची टोकं आत खोचा, ती लिव्हरमध्ये अडकली तर पाय वेळेवर खाली येत नाही. उलट टोकाला मोटोक्रॉस बूट: जोडी साडेतीन-चार किलोची, पायाला सगळ्यात सुरक्षित, चालायला आणि गिअरला सगळ्यात त्रासाचे. महिन्यातून दोनदा ट्रेलवर पडायलाच जात असाल तर तेच घ्या.

सेलमधल्या स्वस्त जोडीबद्दल शेवटचं. पॉलियुरेथेनचा सोल दमट हवेत न वापरताही आतून विरतो. वरून नवाकोरा दिसणारा बूट पाच-सहा वर्षं गोदामात पडलेला असेल तर तिसऱ्या राइडला सोलचा भुगा होऊ शकतो. आत उत्पादनाचा महिना-वर्ष शोधा, आणि टाचेच्या वरच्या मऊ थरात अंगठ्याचं नख रोवा. खळगा लगेच भरून आला पाहिजे. नखाला चिकट लागलं किंवा कण सुटले तर ४० टक्के सूट असली तरी खोकं बंद करून परत द्या.