चौथी आवृत्ती की पाथफाइंडर?

विझर्ड्स ऑफ द कोस्ट या प्रकाशन कंपनीने २००८ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची, म्हणजे टेबलाभोवती बसून काल्पनिक पात्रांच्या भूमिका वठवण्याच्या खेळाची, चौथी आवृत्ती आणली आणि २००३ च्या साडेतीनाव्या (३.५) आवृत्तीवर प्रेम करणाऱ्या अमेरिकेतील खेळाडूंपुढे पुढच्याच वर्षी दुसरा मार्गही उभा राहिला, तो म्हणजे पायझो या दुसऱ्या कंपनीने, इतरांनाही ते नियम वापरू देणाऱ्या खुल्या परवान्याच्या आधारे, जुन्याच नियमांची डागडुजी करून २००९ मध्ये काढलेला ‘पाथफाइंडर’.

चौथ्या आवृत्तीत योद्धा असो वा मांत्रिक, प्रत्येकाच्या शक्ती हव्या तेव्हा, चकमकीत एकदा किंवा दिवसातून एकदा वापरायच्या अशा एकाच साच्यात बसवल्या होत्या. त्यामुळे पात्रे वरच्या पातळीवर पोहोचल्यावर मांत्रिकापुढे योद्धा निष्प्रभ ठरण्याचा जुना दोष बराचसा दूर झाला, आणि हे यश विरोधकांनीही मान्य करायला हवे. मात्र चौकटींच्या पटाशिवाय लढाई खेळणे अवघड झाले.

पाथफाइंडरमध्ये सकाळी मंत्र ठरवून ते एकेक करून खर्च करण्याची रीत टिकली आणि कपाटातील जुनी पुस्तके थोड्या फेरफाराने वापरता आली. मला हे सर्वांत मोलाचे वाटते, कारण सात-आठ वर्षे चाललेल्या मोहिमेतील, म्हणजे त्याच पात्रांसह सलग खेळल्या जाणाऱ्या कथेतील, पात्र नव्या साच्यात ओतताना केवळ आकडे बदलत नाहीत, त्याचा स्वभावही बदलतो. नियमांचे ओझे आणि योद्धा-मांत्रिकांमधला असमतोल मात्र बऱ्याच अंशी तसाच राहिला. म्हणून नवा गट जमवणाऱ्याला मी चौथी आवृत्ती सुचवेन, पण मोहीम चालू असलेल्याने पाथफाइंडरच निवडावा.