वडगावचं भाकरी केंद्र, आणि तिथपर्यंत चालत जाणं

बेळगावच्या वडगावात मागांच्या खडखडाटात एका गल्लीत घरातच चालवलेलं भाकरी केंद्र आहे, बाहेर कन्नडमध्ये नुसतं 'रोट्टी केंद्र' एवढंच रंगवलंय, दुसरं नाव काही नाही. मे महिन्यापासून मी आठवड्यातनं चार दिवस टिळकवाडीहून चालत तिथं जातोय आणि भाकरी घेऊन चालतच परत येतोय, आता डिसेंबर संपत आला, म्हणून म्हटलं नीट लिहावं.

आधी मागचं थोडं सांगतो. मी उद्यमबागला एका फाउंड्रीत अकाउंट्स बघतो, म्हणजे साडेनऊ ते साडेपाच खुर्चीत. एप्रिलमध्ये रक्त तपासलं तर एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर, ६.१ टक्के आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटीस, मधुमेहाच्या उंबरठ्यावर, डॉक्टरांनी गोळी लगेच दिली नाही, चाला आणि ताटातलं बदला म्हणाले, सहा महिन्यांनी बघू. त्याच्या आधी एका जिमचे वर्षभराचे पैसे भरून झाले होते, तिथं ट्रेनर दर पंधरा दिवसाला बदलायचा आणि प्रत्येकजण पहिल्यापासनं सुरू करायला लावायचा, दीड महिन्यात जाणं बंद झालं. मग व्हॅक्सिन डेपोच्या मोकळ्या आवारात फिरायला लागलो. तिथली झाडं, सकाळची गार हवा, सगळं मला आवडतं, आजही रविवारी जातो, पण रोज गोल फिरून परत तिथंच यायचं म्हटलं की उद्या बघू, परवा बघू असं व्हायचं. चालायचा कंटाळा नव्हता हो, कुठं पोचायचंच नसलं की माझे पाय घरातनं निघत नव्हते.

आमच्या ऑफिसातला एकजण वडगावचा, त्याच्या डब्यात रोज पातळ पांढरीशुभ्र ज्वारीची भाकरी. एकदा अर्धी खाल्ली आणि विचारलं कुठली ओ ही, तर म्हणाला घरासमोरच मिळते, या की संध्याकाळी. पहिल्या दिवशी गाडीवरनं गेलो, गल्लीत गाडी लावायला जागा नाही. दुसऱ्या दिवशी चालत गेलो आणि मग चालतच जायला लागलो.

रस्ता असा, आरपीडी कॉलेजपासून गोवावेस, तिथनं शहापूर, नाथ पै सर्कल, पुढं वडगाव. जाऊन येऊन साधारण सहा किलोमीटर, मला सव्वा तास लागतो. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, चार दिवसात माझी तीनशे मिनिटं होतात आणि मी ती मोजत बसत नाही, मला भाकरी संपायच्या आत पोचायचं असतं एवढंच डोक्यात. शहापूर ओलांडलं की घराघरातनं मागाचा आवाज सुरू होतो, कुठं दारात साड्यांचे गठ्ठे बांधायचं चाललेलं, कुठं पोरं गल्लीत क्रिकेट खेळतायत, ओळखी झाल्यात, आता लोक विचारतात काल का आला नव्हता.

आता भाकरीचं. आत तीन चुली, चार बायका, मुख्य अक्का साठीच्या असतील. गेलं की "एष्टु बेक्री?", म्हणजे किती पाहिजेत, विचारतात, मी मराठीत सांगतो, त्या अर्धं कन्नड अर्धं मराठीत बोलतात, कुणाचंच काही अडत नाही. मऊ भाकरी १० रुपयाला एक, कडक ८ ला. ज्वारी शाळूची, चांगली पांढरी. मी तिथं थांबून बघितलंय, पीठ उकळत्या पाण्यात मळतात, ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो म्हणून गरम पाण्यानं पीठ धरून येतं, गार पाण्यात मळलं तर कडा फाटतात. थापून तव्यावर टाकली की वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवायचा आणि मग निखाऱ्यावर टम्म फुगवायची. फुगलेली भाकरी चिमट्यानं उचलताना जो वास येतो ना, त्यासाठीच सहा किलोमीटर चालावं असं मला मनापासनं वाटतं.

आमच्या घरी भाकरी होत नव्हती असं नाही, पण बायको शाळेत शिकवते, दमून आल्यावर थापत कोण बसणार, म्हणून रोज भात आणि चपाती. आता चार दिवस भाकरी असते. आई ८१ वर्षांची, ती दुधात कुस्करून खाते, खूश आहे.

बरोबर घ्यायच्या गोष्टी म्हणजे कारळ्याची चटणी, ज्याला तिथं गुरेळ्ळु म्हणतात, ती अफलातून. शेंगा चटणी पण चांगली, दही घालून खावी. मटकीची उसळ मंगळवारी आणि शुक्रवारी असते. आणि कच्ची मेथी, हे मी इथंच शिकलो, भाकरीबरोबर मेथीची कोवळी पानं, कांदा, मुळा तसाच खायचा. आधी मला वाटायचं कडू लागेल, पण चटणीबरोबर इतकं छान लागतं की आता रविवारी खासबागच्या बाजारात मी आधी मेथीच्या जुड्याच बघतो.

एक मात्र सांगायलाच पाहिजे, कारण लोकं चुकीचं समजतात. ज्वारी म्हणजे साखर वाढतच नाही असं नाही. १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम फायबर, पांढऱ्या तांदळात ३ च्याही आत, त्यामुळं पोट भरल्यासारखं लवकर वाटतं आणि टिकतं, पण शेवटी ते धान्यच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ ला ज्या सूचना काढल्या त्यात दिवसाच्या एकूण उष्मांकापैकी धान्यातनं ४५ टक्क्यांपेक्षा जास्त नको असं आहे, आणि आपल्याकडं तर ताट भरून भात असतो. म्हणून मी दोन भाकरी खातो, तिसरी नाही, आणि बाकी ताटात उसळ, भाजी, मेथी. सुरुवातीला चार चार खात होतो, चांगलं खातोय म्हणून जास्त खाल्लं तर चालतं असं वाटायचं, ते बरोबर नव्हतं.

न आवडलेलं पण लिहितो. त्यांच्या एण्णेगाईत, म्हणजे भरल्या वांग्यात, तेल फार असतं, चव जबरदस्त आहे पण मी महिन्यातनं एकदाच घेतो. चटण्यांत मीठ जास्त, बीपी असलेल्यांनी जपून. साडेसातनंतर गेलात तर मऊ भाकरी संपलेली असते, सोमवारी बंद. आणि पहिले काही दिवस मला प्लास्टिकच्या पिशवीत गरम गरम बांधून दिल्या, घरी येईपर्यंत वाफेनं ओल्या होऊन एकमेकीला चिकटल्या. मी सांगितल्यावर अक्का म्हणाल्या, "अण्णा, कापड घेऊन या की, पाच मिनिटं गार होऊ द्या मग बांधा." तेव्हापासनं आईच्या जुन्या सुती पदराचं कापड नेतो, एकही भाकरी खराब झाली नाही.

जुलैच्या पावसात काय करणार असं मला वाटलं होतं, बेळगावचा पाऊस तुम्हाला माहितीच आहे, चार चार दिवस डोकं वर काढू देत नाही. तेव्हा कडक भाकरी कामाला आली. पापडासारखी पातळ, पाणी पूर्ण उडवलेली, डब्यात महिनाभर राहते. उघडीप मिळाली की जाऊन पन्नास आणायची, आणि पाऊस असेल तेव्हा घरातच जिने चढउतार. ते मला तितकं आवडलं नाही, पण खंड पडला नाही.

नोव्हेंबरमध्ये परत तपासलं, ५.८. डॉक्टर म्हणाले असंच चालू ठेवा. ऑफिसातले आणखी दोघं आता गोवावेसला येऊन मिळतात, गप्पा मारत जातो.

आणि हो, भोगीसाठी तीळ लावलेली बाजरीची भाकरी तिथं ऑर्डरवर करतात, दोन आठवडे आधी सांगावं लागतं. मी वीस सांगून ठेवल्यात.