जुनी रॉकिंग चेअर घ्यायची, पण कोणती? बोस्टन, शेकर की टोनेट

जुनी रॉकिंग चेअर घ्यायची असं मनात आलं की बहुतेक जण आधी पॉलिश बघतात, मग कोरीवकाम, मग किंमत. मी म्हणेन, आधी तिचं घराणं ओळखा. ती कशी डोलणार, पावसाळ्यात टिकणार का आणि तुमच्या खोलीत शोभणार का, हे बरंचसं तिथेच ठरतं. जुन्या बाजारात पुन्हापुन्हा भेटणारी घराणी तीन: अमेरिकेतली बोस्टन आणि शेकर, आणि व्हिएन्नाची टोनेट. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींना पहिल्या दोन सहज सापडतात. इथे बघणाऱ्यांची गाठ टोनेटच्या धर्तीच्या खुर्चीशी किंवा आपल्याकडच्या सागवानी खुर्चीशी पडण्याचा संभव जास्त.

बेंजामिन फ्रँकलिनने ही खुर्ची शोधून काढली असं अजूनही सांगितलं जातं. त्याला आधार नाही. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात साध्या खुर्चीच्या पायांना पाळण्यासारख्या बाकदार पट्ट्या लावायला सुरुवात झाली आणि हा प्रकार खऱ्या अर्थाने रुजला तो अमेरिकेत. सुरुवातीच्या कितीतरी खुर्च्यांना पट्ट्या मागाहून जोडलेल्या आहेत. म्हणून खुर्ची उलटी करून पाय आणि पट्टी जिथे मिळतात ती जागा बघा. पाय कापून खाच पाडलेली असेल, किंवा पट्टीवरची झीज आणि रंग वरच्या भागाशी जुळत नसतील, तर ती नंतर रॉकिंग चेअर झाली. असं असेल तर घेऊच नये असं नाही, पण भाव त्या हिशोबाने द्यावा.

बोस्टन रॉकर १८२५ ते १८४० च्या सुमारास लोकप्रिय झाली. तिची बैठक पाइन किंवा पॉप्लरच्या जाड फळीची, मागच्या बाजूला वर चढलेली आणि पुढे खाली वळलेली. पाठ उंच, बारीक दांड्यांची, आणि डोकं टेकतं तिथे एक रुंद आडवी पट्टी. सगळी सजावट या पट्टीवर. अर्धवट वाळलेल्या व्हार्निशवर कापलेला साचा ठेवायचा आणि त्यातून ब्राँझची पूड घासायची. फळं, पानं, फुलांच्या परड्या उमटतात. बऱ्याच खुर्च्यांना खाली तांबूस आणि वर काळा असा रंगाचा दुहेरी थर असतो, शिसवीचा भास व्हावा म्हणून. कनेटिकटमधल्या लॅम्बर्ट हिचकॉकचं नाव या सोनेरी कामाशी कायमचं जोडलं गेलं. मात्र त्याचा कारखाना १९४६ मध्ये पुन्हा उभा राहिला आणि त्याच धर्तीच्या खुर्च्या नव्याने निघाल्या, तेव्हा नुसत्या नावावर जाऊ नका. आणि सुतार ‘घासून नवी करून देतो’ म्हणाला तर त्याला हात लावू देऊ नका. या खुर्चीचं सारं मोल त्या झिजलेल्या सोनेरी नक्षीत आहे. खालचं लाकूड साधंच असतं.

शेकर खुर्ची याच्या अगदी उलट. शेकर हा ब्रह्मचर्य आणि सामुदायिक जीवन पाळणारा ख्रिस्ती पंथ. न्यूयॉर्क राज्यातल्या माउंट लेबनन इथल्या त्यांच्या वसाहतीने रॉबर्ट वॅगन यांच्या देखरेखीखाली बाहेरच्या जगासाठी खुर्च्या करून विकल्या, छापील कॅटलॉग काढले, १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात त्या मांडल्या. मेपलचे गोल दांडे, पाठीला आडव्या पट्ट्या, बैठकीला दोन रंगांच्या जाड फितीची चौकटीदार वीण. नक्षी नावालाही नाही. काही खुर्च्यांना पाठीच्या वर एक आडवी दांडी असते, उशी बांधायला. आकार ० ते ७ असे आकड्यांनी ठरलेले. तो आकडा बहुधा सर्वांत वरच्या पट्टीच्या मागे ठोकलेला सापडतो आणि ७ म्हणजे सर्वांत मोठी. शेकर वजनाला हलकी आणि जागाही कमी घेते. मला स्वतःला तिन्हींत हीच सर्वांत सुंदर वाटते, पण तिच्याभोवती मोकळी भिंत हवी. गच्च भरलेल्या दिवाणखान्यात ती दिसतही नाही.

टोनेटपाशी मात्र थोडं थांबायला हवं. मायकेल टोनेटने १८४० च्या दशकात पातळ पट्ट्या सरसाने चिकटवून वाकवण्यापासून सुरुवात केली होती. दमट हवेच्या देशांत माल गेला की सरस सुटायचा. मग त्याने बीच नावाच्या झाडाचं अखंड लाकूड वाफवून वाकवायचं तंत्र बसवलं आणि १८५६ मध्ये त्याचे हक्क मिळवले. लाकूड वाकवताना बाहेरची बाजू ताणून तडकते. त्याने त्या बाजूला पोलादी पट्टी आवळून बांधली, म्हणजे ताण पट्टीवर आणि लाकूड फक्त आतून दबतं. सांध्यांना सरसाऐवजी स्क्रू. त्याची १८५९ ची १४ नंबरची साधी खुर्ची सुटी करून एका घनमीटरच्या खोक्यात ३६ मावत. मुंबईच्या इराणी हॉटेलांतल्या गोल बैठकीच्या, वाकवलेल्या पाठीच्या खुर्च्या याच वंशातल्या.

१८६० मध्ये या कारखान्याची पहिली रॉकिंग चेअर आली. हात, पाय आणि खालच्या पट्ट्या एकाच दांड्याने रेघ ओढत नेल्यासारख्या एकमेकांत वळत जातात आणि मधोमध वेताची जाळी. १८६९ मध्ये टोनेटचे हक्क संपले आणि जेकब अँड जोसेफ कोनसारख्या कारखान्यांनी तीच धर्ती उचलली. म्हणून बैठकीच्या कडेला आतून शिक्का किंवा कागदी चिठ्ठी शोधा. कोनची निघाली तरी हिरमुसू नका, ते कामही उत्तम असतं.

आता निवड. फ्लॅट असेल तर आधी फूटपट्टी काढा. टोनेट दिसायला हवेसारखी, पण पुढेमागे मीटरभराहून जास्त जागा मागते आणि डोलताना भिंतीला लागते. लहान खोलीत शेकर बरी. अगदीच जागा नसेल तर व्हिक्टोरियन काळातली स्प्रिंगवरची खुर्ची बघा, तिचा तळ जमिनीवर स्थिर राहतो आणि फक्त वरचा भाग डोलतो. घरात रांगतं मूल असेल तर मी हीच सुचवेन, कारण बाकीच्यांच्या पट्ट्यांखाली बोटं सापडतात.

पाठदुखीसाठी घेत असाल तर सजावट बाजूला ठेवा आणि बसून बघा. जॉन केनेडी यांना डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल यांनी रॉकिंग चेअर सुचवली ती पाठीच्या दुखण्यासाठीच. नॉर्थ कॅरोलायनातल्या ॲशबरो गावची ओकची, वेताच्या पाठीची ती साधी खुर्ची त्यांच्यामुळे घराघरांत गेली. तशी जुनी खुर्ची अमेरिकेत मिळाली तर सोडू नका. टोनेटमध्ये माणूस मागे रेलतो, वाचायला छान. गुडघे दुखणाऱ्याला उठताना मात्र त्रास होतो. बोस्टनची पाठ उंच असल्यामुळे मान टेकते.

हवेचा प्रश्न कोकणात, गोव्यात आणि मुंबईत मोठा. टोनेटच्या बीचच्या लाकडाला किडा लवकर लागतो. टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर कितीही देखणी असली तरी ती खुर्ची घरात आणू नका, बाकीचं लाकूडही धोक्यात येतं. त्यापेक्षा सागाची किंवा शिसवीची देशी खुर्ची शहाणपणाची. मुंबईत चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर अशा शोधायला सकाळी, उजेडात जा. सपाट फरशीवर ठेवून एक हलका धक्का द्या. खुर्ची सरळ रेषेत डोलून थांबली पाहिजे. तिरकी सरकली तर एक पट्टी जास्त झिजली आहे किंवा चौकट पिळली आहे.

वेताकडेही नीट बघा. चौकटीला स्वतंत्र भोकं पाडून त्यातून वेत ओवला असेल तर ती हातवीण. खाचेत बसवलेली तयार जाळी असेल तर ते नंतरच्या काळचं किंवा बदललेलं काम. हातविणीला वेळ आणि पैसे दोन्ही जास्त लागतात, म्हणून फाटका वेत असेल तर विणणाऱ्याला आधी भाव विचारा आणि तो खुर्चीच्या किमतीत धरा. एरवी महिन्यातून एकदा खालच्या बाजूने ओला फडका फिरवला की वेत कोरडा पडून तुटत नाही.

एक कायद्याची गोष्ट, आजीची खुर्ची परदेशी न्यायचा विचार असणाऱ्यांसाठी. शंभर वर्षांहून जुनी कारागिरीची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येऊ शकते, आणि पुरावस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू तेवढी जुनी नसेल तर तसा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण देतं. कंटेनर ठरवण्याआधी तो हातात असू द्या.