मिनॉक्सिडिल लावावं की फिनास्टेराइड घ्यावं?

मावसभावाचे कपाळावरचे केस मागे सरकू लागलेत. लोशन (मिनॉक्सिडिल) की गोळी (फिनास्टेराइड), यात तो अडकलाय. तेल-शांपूच्या जाहिराती बाजूला ठेवूनच सांगते.

मिनॉक्सिडिल केसांच्या मुळांना चालना देतं, पण ज्या डीएचटी हार्मोनमुळे केस बारीक होत जातात त्याला हात लावत नाही. फिनास्टेराइड नेमकं तेच कमी करतं. असलेले केस टिकवायला म्हणूनच गोळी सरस.

कष्ट लोशनचे जास्त. ५ टक्क्यांचं १ मिली, दिवसातून दोनदा, कोरड्या डोक्याला. भांग पाडून थेंब कातडीपर्यंत पोचवायचे, नाहीतर नुसते केस ओले होतात. सुरुवातीच्या काही आठवड्यांत केस उलट जास्त गळू शकतात. बरेच जण तिथेच घाबरून सोडतात, याचं फार वाईट वाटतं, कारण ती गळती सहसा तात्पुरती असते. गोळी १ मिलिग्रॅमची, रोज एक.

त्रासाचं मात्र उलट. लोशनने खाज, कोरडेपणा. गोळीने थोड्या पुरुषांची कामेच्छा कमी होते, काहींना नैराश्य येतं. प्रोस्टेट ग्रंथीसाठीच्या पीएसए या रक्ततपासणीचा आकडाही जवळपास निम्मा होतो, म्हणून गोळी चालू असल्याचं डॉक्टरांना सांगायलाच हवं.

खर्च दोन्हीकडे कायमचा. थांबवलं की कमावलेलं जातं. फरक दिसायला चार-सहा महिने.

मागे टाळूवर विरळ झालंय आणि गोळीची धास्ती आहे, त्याने लोशन घ्यावं. गळती जोरात आहे आणि रोज दोनदा लावणं जमणार नाही, त्याने त्वचारोगतज्ज्ञांना विचारून गोळी. दोन्ही झेपत असतील तर एकत्र घेतल्याचा फायदा जास्त.