आठ महिने हाताने कलर केल्यावर: डाविंची रिझॉल्व्हचा अनुभव

आठ महिने झाले, डाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळं कलर हातानेच करतोय, म्हटलं लिहावं. त्याआधी कुठून तरी मिळालेली लट (LUT, म्हणजे रंगांचं तयार सेटिंग) टाकायचो, फार तर ऑटोचं बटण दाबायचो आणि रेंडर लावून चहाला जायचो. काम लग्नांचं, निम्मा सीझन नाशिकच्या गंगापूर रोडच्या लॉन्सवर.

ऑटो कुठलंही असो, हळदीला गंडतंच. पडदा पिवळा, झेंडू पिवळा, नवरदेव पिवळा, मावश्या पिवळ्या, मग त्याला वाटतं व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून असलेलं सेटिंग) चुकलाय आणि ते निळं ओततं, हळद लावलीय की मुलतानी माती तेच कळत नाही. म्हणून परेड, म्हणजे फ्रेममधल्या रंगांचा आलेख, बघायला शिकलो. लाल, हिरवा, निळा शेजारी शेजारी दिसतात, फ्रेममधली पांढरी वस्तू शोधायची आणि तिघांत एका उंचीवर आणायची. आता हळदीत पांढरं काय सापडणार, तर मागे रचलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या! खरं सांगतो, त्या खुर्च्यांनी माझी कितीतरी लग्नं तारलीत. लिफ्टने काळं बसवायचं, गेनने पांढरं, मग गॅमाने मधला उजेड. चेहऱ्याला व्हेक्टरस्कोपवरची (रंगांची छटा दाखवणारा गोल आलेख) स्किन टोनची रेघ, माणूस गोरा असो की सावळा, कातडी तिच्या आसपासच पडते. (नवरी गोरीच करून द्या म्हणणारे क्लायंट हा वेगळा विषय.)

पण माती मी स्वतःच खाल्ली. डिसेंबरमधलं एक लग्न रात्री दोनपर्यंत बसून केलं आणि लॅपटॉपचा नाइट लाइट चालू. स्क्रीनच पिवळी, त्यामुळे मी क्लिपमागून क्लिप पिवळा काढत गेलो, परेडमध्ये निळा वर चढलेला दिसत होता तरी म्हटलं आपले डोळे काय खोटं बोलतायत का. नवरीच्या काकांचा फोन आला, "काय हो भाऊ, आमची मुलगी आजारी होती का लग्नात?" दोन दिवस परत बसलो, तेही फुकट. नोड (एकामागून एक लागणारे बदलांचे टप्पे) वेगळे ठेवले होते म्हणून वाचलो, पहिल्यात बॅलन्स, दुसऱ्यात चेहरा, तिसऱ्यात लूक, त्यामुळे पहिलाच तेवढा दुरुस्त केला.

व्हील्स (लिफ्ट, गॅमा, गेनची चाकं), कर्व्ह, स्कोप, नोड सगळं फुकटवाल्या व्हर्जनमध्ये आहे. नॉइज रिडक्शन (अंधारातल्या शूटमधले दाणे घालवणं) मात्र पैसेवाल्या स्टुडिओतच मिळतं, रात्रीच्या वरातीला ते लागतंच. आणि लॅपटॉपला ग्राफिक्स कार्ड नसेल तर नादी लागू नका.

यंदा रंगपंचमीला रहाडीचं (रंगाच्या पाण्याने भरलेला हौद, त्यात लोक उड्या मारतात) शूट केलं. उडी मारून वर आलेल्या माणसाची कातडीच रंगलेली, तिथे स्किनची रेघ काय कामाची? उडीच्या आधीची क्लिप नीट करायची, पुढची क्लिप सिलेक्ट करून त्या आधीच्या क्लिपच्या थंबनेलवर माउसचं मधलं बटण दाबायचं, ग्रेड, म्हणजे केलेलं सगळं कलर, जशीच्या तशी येते. फक्त कॅमेऱ्यात व्हाइट बॅलन्स लॉक पाहिजे. आमच्या पोराने ऑटोवर ठेवलेला. शंभरावर क्लिपा एकेक करून केल्या.